विसळणाचं पाणी

६ मे, सोमवार

वर्गात पाय टाकला तशी सगळी पोरं धाडकन उभी राहिली. ‘गुड मॉर्निंग, मॅडम!’ मी मागं वळून पाहिलं, म्हटलं कोण मॅडम आल्या? मागं कुणीच नव्हतं. छत्तीस वर्षांची बाई, काखेत भाकरीची पिशवी, म्हणजे मीच ती मॅडम. म्हटलं, ‘बसा बाळांनो, मी पण तुमच्यातलीच.’ आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. मागं खुसखुस झाली. होऊ दे.

पहिल्यापासून लिहून ठेवते, म्हणजे माघार घ्यावीशी वाटलीच तर हे वाचून लाज तरी वाटेल. सतरा वर्षांपूर्वी नगरच्या ह्याच कॉलेजात मी बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पास झाले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन तिसगावला आले. सासूबाई म्हणाल्या, ‘शिकून काय नगरवर राज्य करायचंय व्हय?’ झालं, पुस्तकं माळ्यावर गेली. यंदा कॉलेजनं नोटीस काढली. शिक्षणात खंड पडलेल्यांसाठी रसायनशास्त्राचा तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग. पास झालं तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. प्रात्यक्षिकात नापास झालं तर अर्ज बाद, आणि परत अर्ज करता येत नाही.

घरात सांगितलं तेव्हा आमचे हे, गहिनीनाथराव, नुसतं ‘बरं’ म्हणाले. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या म्हणाल्या, ‘नवव्या यत्तेतली पोर घरात, आन आई चालली कालेजात. लोकं तोंडात शेण घालतील.’ माझं डोकं फिरलं. म्हटलं, ‘नापास झाले तर जन्मात पुस्तकाला हात लावणार नाही.’ आता बोलून बसलेय. जीभ आवरत नाही ही माझी जुनी खोड.

७ मे, मंगळवार

आज प्रयोगशाळा. वास तोच, सतरा वर्षांपूर्वीचा. डोळ्यांत पाणी आलं, बाजूच्या पोराला वाटलं अमोनिया लागला.

ह्या पोराचं नाव हर्षल. एक वर्ष नापास होऊन आलाय, माझा जोडीदार म्हणून दिलाय. एकोणीस वर्षांचा, केसांचा तुरा, मला ‘काकू’ म्हणतो. शिकवायला साळवे सर, आमोस साळवे. काडीसारखे बारीक, बोलणं मोजकं. त्यांनी टायट्रेशन दाखवलं. उभ्या काचेच्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, आम्ल भरायचं. खाली फ्लास्कमध्ये दहा मिली अल्कली, त्यात दोन थेंब औषध टाकलं की पाणी गुलाबी. वरून थेंब थेंब आम्ल सोडायचं, गुलाबी रंग उडाला की थांबायचं. किती आम्ल लागलं ते लिहायचं. असं तीनदा करायचं आणि तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. सर म्हणाले, ‘परीक्षेत हेच येणार. आकडे जुळले नाहीत, तर बाकी सगळं व्यर्थ.’

माझे आले ९.९, १०.२, १०.५. पहिलाच दिवस, चालायचंच.

पण ही पोरं पाणी काय वापरतात, देवा! नळ सोडून गप्पा मारतात. बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर तर होळीला उडवल्यासारखं. आमच्याकडे पाचव्या दिवशी टँकर येतो. लग्न होऊन आले त्या आठवड्यात आत्याबाईंनी पहिला धडा हाच दिला होता की भांडं विसळल्याशिवाय ठेवायचं नाही आणि विसळण फेकायचं नाही. कालवणाचं विसळण कालवणात, ताकाचं ताकात. मी इथंही प्रत्येक रीडिंग झालं की ब्युरेट मोजक्या पाण्यानं स्वच्छ धुते. मग सरांनी सांगितलंय तसं थोडं आम्ल आत फिरवते आणि ते परत बीकरमध्ये ओतते. एक थेंब वाया नाही. लॅबमधले पुंजाराममामा, भांडी-औषधं सांभाळणारे, मला म्हणाले, ‘ताई, तीस वर्षांत असं काटकसरीनं काम करणारं माणूस बघितलं न्हाई.’ दिवसभरात तेवढंच एक कौतुक झालं.

९ मे, गुरुवार

१०.०, १०.३, १०.७.

हर्षलचे तिन्ही १०.०. मी म्हटलं, ‘कसं रे?’ तर हसून म्हणतो, ‘काकू, पहिलं खरं काढायचं, बाकीचे दोन सेट करायचे. सगळेच करतात.’ म्हणजे एकदा करायचं आणि तीनदा लिहायचं! मी म्हटलं, ‘मग डॉक्टरनं एकदाच नाडी बघून तीन दिवसांचा ताप लिहिला तर चालेल का तुला?’ मी माझे खरे आकडे जर्नलमध्ये पेनानं लिहिले आणि खाली सही केली. चुकीचे असले तरी माझे आहेत.

सकाळी गाडी चुकता चुकता वाचली. मी धावत स्टँडवर पोचले तर एस.टी. उभीच. कंडक्टर वैतागून म्हणाला, ‘मावशी, त्या आजींनी गाडीच्या दारात पाय ठेवून निम्मं स्टँड डोक्यावर घेतलं, आता बसा.’ बघते तर आत्याबाई पाटी घेऊन परत चालल्या होत्या. संध्याकाळी विचारलं तर म्हणाल्या, ‘मी शेन टाकाया गेल्ते.’ आमचा उकिरडा घरामागं आहे आणि स्टँड आहे गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हातारपणी माणसाला दिशा उरत नाही हेच खरं.

११ मे, शनिवार

९.९, १०.३, १०.६.

आज चिडले. सरांना म्हटलं, ‘ब्युरेट गळकी आहे.’ त्यांनी दुसरी दिली. तिनंही तेच. म्हटलं, ‘आम्लाची बाटली नीट नाही.’ ते म्हणाले, ‘त्याच बाटलीतलं सगळ्यांना दिलंय.’ नंतर मी बेसिनपाशी ब्युरेट धूत होते तेव्हा सर मागं येऊन उभे राहिले. मी धुतली, आम्ल फिरवलं, बीकरमध्ये ओतलं. ते बघत होते. मग मिशीतल्या मिशीत हसले आणि विचारलं, ‘आकडे खरेच लिहिताय ना?’ म्हटलं, ‘खरेच लिहिते, सर.’ ‘मग सापडेल,’ म्हणाले आणि गेले! आता काय म्हणावं? बाई बुडतेय आणि हा माणूस काठावर उभा राहून हसतोय.

घरी ह्यांना सांगितलं, काच वाईट, औषध वाईट, सर आतल्या गाठीचे. हे शांतपणे म्हणाले, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’ मी दोन तास बोलले नाही त्यांच्याशी.

१३ मे, सोमवार

मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर मत देऊन आले. रांगेत शेजारपाजारच्या बायका, ‘काय रुपाली, दवाखाना कधी टाकती?’ मी म्हटलं, ‘आधी तुमच्या जिभेवर औषध काढते, मग टाकते.’ हसल्या. मीही हसले. दहा दिवस उरले आणि मला तीन आकडे जुळवता येत नाहीत.

गावात म्हणे कुणीतरी सांगत फिरतंय की रुपालीला बारावीला केमिस्ट्रीत नव्वद होते. ही चहाटळकी कुणाची ते कळत नाही. ती गुणपत्रिका तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे, आणि पेटीची किल्ली आत्याबाईंच्या कमरेला असते.

१५ मे, बुधवार

१०.०, १०.४, १०.७.

पुस्तकं पालथी घातली. सूत्रं पाठ, समीकरणं पाठ, लेखी चाचणीत वर्गात पहिली आले. साळवे सरांनी पेपर देताना ‘उत्तम’ म्हटलं. उत्तम घेऊन काय करू? प्रात्यक्षिकात पडले तर अर्ज बाद. एकच गोष्ट रोज डोळ्यांत खुपते, पहिला आकडा नेहमी बरोबर येतो आणि पुढचे चढत जातात. कधी उतरत नाहीत, चढतातच. हात चुकत असता तर कधी वर गेले असते, कधी खाली.

हर्षल हळूच म्हणाला, ‘काकू, परीक्षेला तरी सेट करा ना. एवढ्या लांबून येता.’ त्याला माझी दया आली. हे मात्र सहन होईना. जिन्यात जाऊन पदराला डोळे पुसले.

१७ मे, शुक्रवार

आज गेले नाही. खोटं का लिहू, आजारी नव्हते. उठलेच नाही. पडल्या पडल्या म्हटलं, ‘मला जमत नाही, मी सोडते.’ मला वाटलं आत्याबाई म्हणतील, मी म्हटलंच होतं. तर त्या उंबऱ्यात येऊन बसल्या. मग म्हणाल्या, ‘एस.टी. गेली. धाची जीप हाय.’ मी कूस बदलली. मला घराबाहेर काढायची एवढी घाई कशाला ते समजत नाही.

१८ मे, शनिवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

एस.टी.त लिहितेय, करंजी घाटाची वळणं आहेत, अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी न्याहारीला बसलो होतो. आत्याबाईंनी ताक केलं होतं. पहिला पेला ह्यांना, दुसरा मला, तिसरा आरतीला. माझी मुलगी फणकारली, ‘आजी, शेवटचा पेला रोज मलाच का? बाबांचं ताक घट्ट, आईचं मधलं आणि माझं नुसतं पाणी!’ आत्याबाई म्हणाल्या, ‘एकाच डेऱ्यातलं हाय गं सगळं.’ आरती म्हणाली, ‘एकाच डेऱ्यातलं आहे, पण तू दर वेळी तांब्या विसळतेस आणि ते पाणी त्यातच ओततेस.’

मी भाकरीचा घास हातात धरून तशीच बसले. हे म्हणाले, ‘ठसका लागला का?’ मी उठले आणि आरतीला कडकडून मिठी मारली. पोर घाबरली.

अगं बाई, रुपाली! ब्युरेट धुतलीस की आत पाणी राहतं. त्यात आम्ल फिरवलंस की ते पाणी आम्लात मिसळतं. आणि ते तू शहाण्यासारखं परत बीकरमध्ये ओततेस! म्हणजे दर वेळी बीकरमधलं आम्ल पांचट होतंय. पांचट आम्ल जास्त लागणारच. पहिला पेला घट्ट, दुसरा मधला, तिसरा पाणी. ९.९, १०.२, १०.५. दहा दिवस मी ताकच करत होते आणि दोष काचेला देत होते.

आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘मंग फेकून दे की.’ किती सहज म्हणाल्या! सतरा वर्षं ज्यांनी मला थेंब फेकू दिला नाही त्या.

संध्याकाळी, नगरच्या स्टँडवर

सर्वांत अवघड ते फेकणंच होतं. ब्युरेटमध्ये फिरवलेलं आम्ल बेसिनमध्ये ओतायला हात वाकडा होईना. पुंजाराममामा बघत होते, त्यांचा चेहरा पडला. डोळे मिटले आणि ओतलं. आईशपथ, चोरी केल्यासारखं वाटलं.

१०.०. १०.०. १०.०.

मी ओरडले. खरंच ओरडले, लॅबमध्ये. सर आले, तिन्ही आकडे बघितले. मी म्हटलं, ‘सर, तुम्हाला त्या दिवशीच दिसलं होतं ना? सांगितलं का नाही?’ ते म्हणाले, ‘सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं आणि विसरला असता. आता जन्मात विसरणार नाही.’ पहिल्यांदा वाटलं, हा माणूस बरा आहे.

मग हर्षलचा हात धरला, त्याला बसवलं आणि तिन्ही रीडिंग खरी काढायला लावली. त्याची आली १०.०, ९.६, १०.३. कपाळाला हात लावला त्यानं. इतके दिवस सेट करून पोराचा हातच तयार झाला नव्हता. आता तोही रोज संध्याकाळी थांबणार आहे.

२१ मे, मंगळवार

सर आता रोज वेगळं आम्ल देतात. काल ९.८ तीनदा. आज ११.२ तीनदा. हर्षलची दोन जुळली. त्यानं मला ‘काकू’ऐवजी ‘मॅडम’ म्हटलं. मी म्हटलं, ‘काकूच बरी.’

२४ मे, शुक्रवार

परीक्षा झाली.

बाहेरून परीक्षक बाई आल्या होत्या, करड्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. प्रत्येकाला अनोळखी आम्ल, तेही मोजून, बीकरभर. जास्त मागितलं तर मार्क कापणार. मी एवढी जपून आणि नेमकी तिथंच घाई केली. फेकायचं शिकले ना नवीन नवीन! ब्युरेट एकदा फिरवून पुरलं असतं, मी मन भरेना म्हणून तीनदा आम्ल फिरवून फेकलं, मग काठोकाठ भरली. बघते तर बीकर रिकामा. खडखडीत.

पहिलं रीडिंग १२.४. सवयीनं ब्युरेट धुवायला सोडवली आणि जागच्या जागी थिजले. धुतली तर आतलं आम्ल जाणार, आणि बीकरमध्ये टिपूस नाही. बाजूला हर्षलनं बघितलं, त्यानं बोटानं खूण केली, लिहून टाका तेच. परीक्षक बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

नळीकडे बघितलं. अजून निम्म्याच्या वर भरलेली. मग डोक्यात प्रकाश पडला. अगं, धुवायची कशाला? तेच आम्ल, तेच भांडं! कोण उष्टं करतंय त्याला? भांडं दिसलं की विसळायचं, ही घरातली सवय इथं काय कामाची? परत लावली, उरलेल्यातूनच थेंब सोडले. दुसरंही १२.४. मग तसंच तिसरं. शेवटचा थेंब अर्धा धरून ठेवला, फ्लास्कच्या काठाला टेकवला, आणि गुलाबी रंग गेला.

१२.४.

तोंडी परीक्षेत परीक्षक बाईंनी माझं जर्नल उघडलं. म्हणाल्या, ‘सगळ्यांचे आकडे पहिल्या दिवसापासून जुळलेले. तुमच्याकडे दीड आठवडा चुकीचे. आणि खाली सही पण केलीय!’ मी म्हटलं, ‘जे आलं ते लिहिलं, मॅडम.’ ‘मग अठरा तारखेला एकदम कसे जुळले?’ मी म्हटलं, ‘ताकामुळं.’ त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, टँकर, तांब्या, डेरा, आरतीचा शेवटचा पेला. साळवे सर भिंतीकडे तोंड करून हसत होते. बाईंनी मात्र जर्नलची ती चुकीची पानं एकेक करून वाचली आणि म्हणाल्या, ‘चूक शोधता येते ती फक्त खऱ्या आकड्यांतून. हे पान मी माझ्या मुलांना दाखवणार आहे. फोटो काढू का?’

विचारलं मला, फोटो काढू का म्हणून!

३१ मे, शुक्रवार

निकाल. लेखी चाळीसपैकी छत्तीस. प्रात्यक्षिक साठपैकी अठ्ठावन्न. वर्गात पहिली. रुपाली, अगं पहिली!

हर्षलही पास झाला. पाया पडायला वाकला तर मी पाठीत धपाटा घातला. पुंजाराममामांनी सगळ्यांना पेढे वाटले, कुणी आणले ते सांगेनात.

घरी आले तर अंगणात बायकांचा घोळका आणि मधे आत्याबाई. ‘तिच्या सराला कळंना, त्या कालेजाला कळंना. माझ्या ताकानं कळलं तिला. सांगा आता, शिकवलं कोनी?’ मी म्हटलं, ‘तुम्हीच शिकवलं, आत्याबाई.’ ‘मंग!’ म्हणाल्या आणि पदर खोचून चहा टाकायला गेल्या. बाकी घरचं ताक आहे तसंच राहणार. टँकर काही परीक्षा पास झालेला नाही.

१२ जून, बुधवार

आज प्रवेश घ्यायला गेलो. हे गाडी घेऊन आले आणि आत्याबाई म्हणाल्या, ‘म्या बी येते, नगरात काम हाय.’ काम काय ते सांगितलं नाही.

खिडकीवरच्या कारकुनानं फॉर्म घेतला, बघितला आणि परत सरकवला. ‘मुलीला पाठवा, तिची सही लागते.’ मी म्हटलं, ‘मुलगी मीच.’ त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बोट ठेवून म्हणाला, ‘पालकांची सही राहिलीय. रकाना मोकळा चालत नाही.’

छत्तीस वर्षांच्या बाईला पालक! माझ्या तोंडात शब्द तयारच होते, हे पण पुढं झाले, ‘मी करतो सही.’ तेवढ्यात मागून आत्याबाईंनी आम्हा दोघांना बाजूला सारलं.

‘आन तो कागद इकडं.’

बचत गटात सही शिकल्यात त्या. खिडकीच्या फळीवर कागद ठेवला, पेन मुठीत धरलं आणि श्वास रोखून एकेक अक्षर काढलं. आ, क्का, बा, ई. रांग खोळंबली होती. मला समोरचं काही दिसेना.

कारकून म्हणाला, ‘आजी, विद्यार्थिनीशी नातं काय लिहू?’

‘सासू लिव्ह,’ त्या म्हणाल्या. मग कागद सोडला नाही, तसाच धरून हळू म्हणाल्या, ‘मागल्या येळंला हिचं नाव म्याच काढलं हुतं, बाबा. आता म्याच घालते.’

त्यानं ‘सासू’ लिहिलं, वर शिक्का मारला आणि पावती माझ्या हातात दिली. बी.एस्सी., दुसरं वर्ष, रसायनशास्त्र. माझं नाव छापील अक्षरांत आहे.